घाटावर दिलेला शब्द माझा नव्हता

आत्या, पैठणला घाटावर तुझ्या दहाव्याला तुला जो शब्द दिला गेला, तो माझा नव्हता. तो अण्णांनी दिला, माझ्या नावानं दिला, मला न विचारता दिला आणि वर कावळ्याची साक्ष काढली. तू असतीस तर आधी खळखळून हसली असतीस आणि मग भावाच्याच बाजूनं बोलली असतीस, कारण शब्द तुझ्या मनासारखा होता. म्हणून हे तुलाच लिहायला बसले आहे. घरात माझं ऐकून घ्यायला सध्या कुणी तयार नाही, आणि तू आता 'पेशंट आलाय' म्हणून मधेच उठून जाऊ शकत नाहीस.

शब्द असा होता: 'पोरगी मेडिसिन घेणार नाय, रेडिओलॉजी घेईल.' एमबीबीएसनंतरच्या प्रवेश परीक्षेत मला नंबर चांगला लागला, तू अख्ख्या गल्लीत पेढे वाटलेस, तेव्हापासून घरात हा एकच विषय. रेडिओलॉजी म्हणजे सोनोग्राफी करायची, स्कॅन वाचायचे आणि दिवेलागणीला घरी. मेडिसिन म्हणजे तुझी शाखा. ती काय असते हे तू गावाकडच्या बायकांना एका दमात सांगायचीस, "कापाकापी नाय, बाळंतपण नाय, बाकी समदं." त्या बाकी समद्यात ताप, शुगर, दमा, किडनी, हृदय, साप चावलेले, फवारणीचं औषध पोटात गेलेले, आणि नेमकं काय होतंय हे ज्यांना स्वतःलाच सांगता येत नाही असे सगळे आले. कोणती शाखा पहिली मागायची ते कळवायची मुदत उद्या संपते. माझं ठरलेलं आहे. फक्त ते तुझ्या भावाच्या आणि तुझ्या विरोधात जातं, आणि तू नसताना तुझ्या विरोधात जायला मला फार जड जातंय.

आपलं भांडण अर्धवट राहिलं, याचा मला सगळ्यात जास्त राग आहे. रडू येतं तेही त्याच्यामुळंच. गारखेड्यातल्या तुझ्या दवाखान्यात पेशंट संपले होते. तू चपला काढून पाय समोरच्या स्टुलावर टाकले होतेस आणि वाटीतले फुटाणे खात होतीस.

"रेडिओ घे," तू म्हणालीस.

"तू सांगतेस हे?"

"मग कुणी सांगायचं? कोपऱ्यावरच्या किराणावाल्यानं? ज्याचं जळतं त्यालाच कळतं, बाय."

आणि मग तू सुरू झालीस. रेसिडेन्सीत झोप नाही, जेवण नाही. बाहेर पडलं की लोक म्हणतात, नुसती एमडी? आता हृदयाचा डॉक्टर वेगळा, किडनीचा वेगळा, मेंदूचा वेगळा, तेव्हा पुन्हा परीक्षा दे, पुन्हा कुणाच्या तरी हाताखाली राब. तोवर मैत्रिणींची पोरं शाळेत जायला लागतात. तुझं लग्न राहून गेलं ते याच्यातच, असं अण्णा म्हणतात. तू तसं कधी म्हणाली नाहीस, त्या दिवशीही म्हणाली नाहीस. तू फक्त म्हणालीस, "आन इतकं करून पेशंट काय म्हणतो? सलाईन लावा."

सलाईनचं मला सांगायची गरज नव्हती. माझे कित्येक रविवार त्या दवाखान्यात तुझ्या शेजारच्या खुर्चीत गेले आहेत. आपल्याकडं बाटली लावली नाही तर डॉक्टरनं काही केलंच नाही असं धरतात. ते शुगरवाले चाचा आठवतात? "म्याडम, एक बोतल लगा दो, हात-पाँव में जान नै."

"नक्को चाचा. शक्कर है तुमकू. बोतल नै होना, चलना होना."

"फिर तुमारे पास आके फायदा क्या?"

गेले तणतणत. तासाभरानं परत आले ते मनगटावर कापूस आणि चिकटपट्टी घेऊन. दुसरीकडं बाटली लावून घेतली आणि शुगरची गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर, ते विचारायला तुझ्याकडं आले. तू त्या कापसाकडं बघितलंस आणि गोळीचं पुन्हा पहिल्यापासून नीट समजावून सांगितलंस. मी चिडले होते. तू म्हणालीस, "विश्वास तिकडं नाय, इकडंच हाय त्यांचा. बाटली नुसती हौस."

काच फुटली तेही तू त्या दिवशी काढलंस. एक म्हातारे गृहस्थ गेले, वाचण्यासारखे नव्हतेच, आणि त्यांच्या माणसांनी तुझ्या केबिनची काच फोडली. तुझ्या अंगावर हात टाकायला आलेल्या माणसाला अण्णांनी धरलं होतं. तू म्हणालीस, "ते पण ध्यानात ठेव. सोनोग्राफीच्या मशीनला कुणी शिव्या देत नाय." मला ते ध्यानात आहेच. पण दुसऱ्या दिवशी काचेच्या जागी खोक्याचा पुठ्ठा लावून तू वेळेवर दवाखाना उघडलास, हे मला त्याहून जास्त ध्यानात आहे. तुझ्याच मुद्द्यांनी तुझीच बाजू लंगडी पडत होती आणि तुला ते कळत होतं.

"मग तू का सोडलं नाहीस?" मी विचारलं.

तू फुटाण्याची सालं झटकलीस. "रविवारी ये. सांगते."

रविवार उजाडला तेव्हा घरात तुझ्या फोटोपुढं दिवा लावलेला होता. तू शुक्रवारीच गेलीस, आणि तू काय सांगणार होतीस हे आता मीच शोधून काढायचं आहे. तूच शिकवलं होतंस, बेशुद्ध पेशंट बोलत नाही म्हणून त्याची हकिकत नसते असं नाही, आजूबाजूला विचारायचं, अंगावर बघायचं. तेच करतेय. मी तुला पुष्कळ बघितलं आहे.

पावसाळा सरत आला होता. मेंढरांच्या मागं फिरणारी एक बाई आली, आपल्याच लोकांतली, नवऱ्याच्या खांद्यावर हात टाकून. ताप जात नव्हता. हातात दोन ठिकाणचे रिपोर्ट. मी ते तुझ्या आधी वाचले आणि मोठ्या तोऱ्यात म्हणाले, "डेंग्यू. प्लेटलेट उतरल्यात." तू रिपोर्ट माझ्या हातातून घेतलेस आणि टेबलावर पालथे ठेवलेस. "त्याला नंतर बोलू दे," म्हणालीस. मग त्या बाईकडं वळलीस आणि अगदी आपल्या गावच्या ओट्यावर बसल्यासारखी विचारायला लागलीस. कुठल्या गावच्या, यंदा मेंढरं कुठवर नेली, किती कोकरं झाली. मी मनात म्हणत होते, बाहेर एवढी माणसं बसलीत आणि हिचं चाललंय काय.

"निजायला कुठं आसता?"

"कुठं म्हंजी? वावरात. मेंढरांपाशी."

"गवतात?"

"व्हय. दुसरं काय हाय तिथं?"

तू उठलीस. तिला पडद्यामागं नेलंस, मलाही बोलावलंस. काखेत बघितलंस, मानेमागं बघितलंस, मग तिच्या लुगड्याची कमरेची गाठ सैल करायला लावलीस. ती लाजली. आधीचे दोन्ही डॉक्टर पुरुष होते, त्यांनी गाठीपर्यंत जायचा प्रश्नच नव्हता आणि तिनं जाऊही दिलं नसतं. गाठीखाली चिंचोक्याएवढी काळी खपली होती.

"ते व्हय? ते गाठीनं घासलंय," बाई म्हणाली.

"दुखतंय का?"

"नाय. दुखत आसतं तर सांगितलं नसतं का!"

आत्या, तुझा चेहरा मी विसरणार नाही. थकलेली, पन्नाशी ओलांडलेली, जेवायची वेळ टळलेली बाई तू, आणि शाळेत पहिला नंबर आल्यासारखी फुलली होतीस. गवतातला डोळ्यांना न दिसणारा किडा चावतो तिथं ती खपली धरते, ताप त्याचा असतो, आणि रक्ताच्या रिपोर्टात तो डेंग्यूसारखाच दिसू शकतो. औषध म्हणजे साधी गोळी. तू गोळी लिहिलीस आणि खात्रीसाठी रक्तही पाठवलंस.

नवरा म्हणाला, "पर म्याडम, गावात सुई टोचली तवा ताप उतरला व्हता. सुईच पुन्हा मारा की."

"उतरायची त्याची वेळ व्हती दादा. सुई मधी आली." तू त्याला हे किती मायेनं सांगितलंस! मग माझ्याकडं वळून म्हणालीस, "एकामागनं एक झालं म्हणजे एकामुळं दुसरं झालं असं नाय. हे ज्याला कळलं त्यानं मेडिसिन करावं. बाकीच्यांनी दुकान टाकावं."

दोन दिवसांत तिचा ताप उतरला. मी तुला डिवचलं. "तुझी गोळीही मधेच आली नसेल कशावरून?"

दुसरी एखादी मोठी डॉक्टर रागावली असती. तू टेबलावर थाप मारलीस. "आत्ता इचारलंस! म्हणून तर रक्त पाठवलंय ना." रिपोर्ट आला, तुझंच खरं निघालं, पण तो यायच्या आधी तू मला म्हणालीस, "हे इचारायचं सोडू नको. माझं कायबी आसंल तरी इचारायचं."

म्हणजे परवानगी तुझीच आहे. पुढं घाटावर जे झालं ते मी विचारल्याशिवाय सोडणार नव्हतेच.

पण त्याआधी शुक्रवारचं. हे लिहिताना मला तुझा राग येतो आणि तो मी लपवणार नाही. छातीत जळजळतंय म्हणून तू सिस्टरकडून पित्ताची गोळी मागून घेतलीस आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलंस. तो पेशंट नंतर रडत रडत सांगत होता, म्याडमला घाम सुटला होता, मी म्हटलं पंखा मोठा करू का. घाम, आत्या! तुझ्या वयाची कुणी बाई छातीत जळजळ आणि घाम घेऊन तुझ्यासमोर आली असती तर तू तिला खुर्चीतून हलू दिलं नसतंस. मला तर असलं चुकल्यावर तू आठवडाभर टोमणे मारले असतेस. एवढ्या लोकांचं एवढं ऐकणारी तू, स्वतःला दोन प्रश्न विचारावेत एवढीही किंमत तू स्वतःला दिली नाहीस. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मी ईसीजीच्या मशीनकडं बघितलं तर ते तू गेलीस त्या खुर्चीपासून हाताच्या अंतरावर होतं.

तर घाट.

नदीला पाणी होतं, ऊन चढलं होतं. भाताचे पिंड मांडले, सगळे मागं सरले आणि कावळ्याची वाट बघत उभे राहिले. कावळे होते, पण शेजारी. शेजारी दुसऱ्या कुणाच्या घरचा दहावा चालला होता आणि त्यांच्या पिंडांवर कावळ्यांची ही गर्दी. आपल्याकडं एकही फिरकेना. मग सुरू झालं ते तुला ठाऊकच आहे. कावळा शिवत नाही म्हणजे जीव कशात तरी अडकलाय, तेव्हा जाणाऱ्याला शब्द द्यायचा. अण्णांनी हात जोडले.

"अक्का, आईची काळजी करू नको, मी हाय."

कावळा नाही.

"अक्का, तुझा दवाखाना बंद पडू देणार नाय."

कावळा नाही. मला वाटलं, तुला ठाऊक आहे अण्णा दवाखाना कसा चालवणार ते. भावकीतले एक आजोबा म्हणाले, "आरं, पोरीचं बोल. तिच्यापायी आडकली आसंल."

अण्णा माझ्याकडं बघत होते. मी मान हलवली, नको म्हणून. त्यांनी डोळे मिटले. "अक्का, रेणू तुझं ऐकल. मेडिसिन घेणार नाय. रेडिओलॉजी घेईल. शब्द देतो तुला."

आणि कावळा आला. एक नाही, चारपाच आले. सगळ्यांनी हुश्श केलं. आजोबांनी डोळे पुसले. चुलतभावानं मोबाइलवर हे सगळं टिपलं होतं, ते आता गावात ज्याच्या त्याच्या फोनवर आहे. ओळखीच्या बायका मला सांगतात, "नशीबवान हायस बाई, आत्यानं वरनं सांगितलं."

आत्या, शेजारच्यांचं आटपलं होतं. ते भांडी गोळा करून निघाले, त्यांच्या पोरांनी दंगा केला, तिथले कावळे उठले आणि दहा पावलांवरच्या आपल्या भातावर येऊन बसले. मी डोळ्यांनी बघितलं. अण्णांचे डोळे मिटलेले होते. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली. म्हण आपली आहे, आपल्याच आज्या-पणज्यांनी केलेली, तरीही घाटावर उभं राहिलं की ती कुणाला आठवत नाही. आणि इथं फांदी माझी होती.

"अण्णा, कावळे शेजारून आले," मी तिथंच म्हणाले.

"गप. अक्का मोकळी झाली."

ते रडत होते. माझ्या बापाला मी तुझ्या चितेपाशीही रडताना बघितलं नव्हतं.

परतताना चितेगाव आलं. अण्णांची कंपनी तिथली, रोजच्या पाळीचा रस्ता, तरी त्यांनी तिकडं मान वळवली नाही. कंपन्या मागं पडल्यावर मी म्हणाले, "शब्द तुम्ही दिलात. मी दिलेला नाही."

आई म्हणाली, "मेलेल्या माणसाचा शब्द मोडू नये गं."

"तिनं मागितलाच नव्हता तो. ती भांडत होती माझ्याशी. भांडणात माणूस शब्द मागत नाही, उत्तर मागतो."

अण्णांनी गाडी बाजूला घेतली. मला वाटलं आता ओरडणार. ते समोरच्या काचेतून बघत म्हणाले, "त्या खुर्चीतनं मी उचललं तिला. लई जड झाली व्हती. उद्या तुला पण तसंच उचलू का मी? सांग. डॉक्टर हायस ना तू?"

त्यांनी कावळ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवली असेल, पण ती भीतीनं ठेवली होती, आणि भीती खोटी नव्हती. घरी येऊन मी तुझाच प्रश्न मांडून बसले. ती खुर्ची, ती शाखा, न झोपलेल्या त्या सगळ्या रात्री, त्यांनी तुला मारलं की त्या नुसत्या मधे आल्या? माझे आजोबा, तुझे वडील, तेही असेच गेले होते ना? मेंढरांमागं चालता चालता खाली बसले ते उठलेच नाहीत. त्यांनी कुठं एमडी केलं होतं? ते तर सूर्य मावळला की झोपायचे. म्हणजे रक्तातच काही असेल. कदाचित दोन्ही असेल. मला माहीत नाही. हे वाक्य म्हणायलाही मी तुझ्याकडंच शिकले. पेशंटला समोर बसवून तू म्हणायचीस, "मला आजून कळलं नाय, पर मी सोडणार नाय." तुझ्याबरोबरीचे डॉक्टर तुला म्हणायचे, असं बोलू नये, पेशंट जातो. तुझा जायचा नाही. तो दुसऱ्या दिवशी शिळी भाकरी बांधून पुन्हा यायचा.

रविवारी तू काय सांगणार होतीस, त्याचं माझं निदान असं आहे. तू सांगणार होतीस की सोडावंसं तुला पुष्कळदा वाटलं, आणि दर वेळी गाठीखाली एखादी खपली सापडली. तू मला रेडिओ घे म्हणत होतीस ते मला जपायला, आणि दर रविवारी शेजारी बसवून घेत होतीस ते बिघडवायला. दोन्ही खरं होतं. त्यातलं मी बिघडणं उचललं. चुकत असेन तर तसं म्हण, पण म्हणायचं असेल तर स्वतः येऊन म्हण. कावळे पाठवू नकोस.

मला ठाऊक आहे पुढं काय आहे. मी त्या वॉर्डांतून इंटर्नशिप केली आहे. एका खाटेवर दोन पेशंट बघितलेत, उभ्या उभ्या झोपलेले रेसिडेंट बघितलेत, शिव्या खाल्ल्यात. माझ्या बरोबरीचे रेडिओ आणि स्किन मिळवून मजेत राहतील आणि मी एखाद्या चाचांना बाटली कशी नको हे पटवत बसेन. बसेन की! लोक म्हणतील, नुसती एमडी. म्हणू देत. शरीराच्या एकेका तुकड्याचे डॉक्टर पुष्कळ झाले, आणि व्हावेतही, पण सगळा माणूस कुणीतरी एकदा बघावा लागतो, त्याला आधी बोलू द्यावं लागतं. ते काम मला करायचं आहे. नाइलाज म्हणून नाही, तुझी आठवण म्हणूनही नाही. मला त्यात मजा येते. एवढं साधं कारण मी घरात कुणाला सांगू शकले नाही, कारण घरात सुतक होतं आणि मजा हा शब्द तोंडातून निघत नव्हता.

आणि शब्दच द्यायचा तर माझा मी देते. माझी छाती जळजळली, तर मी तिला पित्त म्हणणार नाही. पुढचा पेशंट बाहेर थांबेल. मी दुसऱ्या कुणापुढं तरी तपासायच्या टेबलावर आडवी होईन आणि विचारतील त्याची उत्तरं देईन. तू जे केलंस ते सगळं मी करीन, एवढं एक सोडून.

दुपारी पसंती भरली. पहिली मेडिसिन, दुसरीही मेडिसिन, कॉलेज तेवढं वेगळं. रेडिओलॉजी कुठंच टाकली नाही. टाकली असती तर हात आपोआप तिकडं गेला असता. आता बदलता येणार नाही असं करून टाकलं आणि मग हे लिहायला बसले.

इथपर्यंत लिहिलं आणि अण्णा वर आले. माझी खोली वरच्या मजल्यावर, त्यांची पावलं मला जिन्यात ऐकू आली. अर्ध्यात थांबली. मग पुन्हा वाजली. दारात येऊन उभे राहिले, चौकट धरून.

"भरलं," मी म्हणाले. "मेडिसिन."

ते काही बोलले नाहीत. मी सगळी तयारी करून ठेवली होती, शेजारचे कावळे, आजोबांचं जाणं, माझा नवा शब्द. मी म्हणाले, "रागवायचं तर रागवा अण्णा, पण बोला." तरी बोलले नाहीत. मी तोंडाकडं बघत होते राग शोधायला. मग दिसलं की तो राग नाही. त्यांना दम लागला होता. एवढासा जिना, आणि बोलायला श्वास पुरत नव्हता.

मी त्यांना खाटेवर बसवलं. नाडी बघितली.

"जिन्यात का थांबलात?"

"असंच."

"आज पहिल्यांदा थांबलात?"

मी नाडी मोजत राहिले. मग ते खाली बघत म्हणाले, "दिवाळीपासनं. कंपनीत पण थांबावं लागतं. छातीवर कुणीतरी बसल्यावानी व्हतं, मग जातं. अक्काला सांगणार व्हतो. तेवढ्यात तीच…"

बोटांवर नाडी वाजतच होती. आई खाली ॲम्ब्युलन्ससाठी फोन करतेय. मी ॲस्पिरिन चावायला दिली आहे, जवळच्या हॉस्पिटलला फोन करून कळवलंय की येतोय, ईसीजी तयार ठेवा. गाडी येईपर्यंत एका हातानं त्यांचं मनगट धरून हे दुसऱ्या हातानं लिहितेय. ते अजून माझ्यावर नाराज आहेत. मेडिसिनबद्दल एक शब्द काढलेला नाही. फक्त मघापासून एकच विचारतायत, "उद्या सकाळी गेलं तर नाय चालायचं का?"

नाही चालायचं, अण्णा. उठू नका, खुर्ची वर आणते, तिच्यातून खाली नेऊ.